पानं गेली कुणीकडे

आमच्या गावचं वाचनालय शंभर वर्षांहून जुनं आहे आणि त्याची वेबसाइट माझ्या ताब्यात आहे. ती माझ्याकडे कशी आली याला फारसा इतिहास नाही. वार्षिक सर्वसाधारण सभेला मी वीस मिनिटं उशिरा पोचलो. तेवढ्यात आयत्या वेळच्या विषयांत माझं नाव सुचवून, अनुमोदन मिळून, टाळ्याही वाजून गेल्या होत्या. मी दारात चपला काढत होतो तेव्हा लोक माझ्याकडे बघून हसले. मला वाटलं, बटाटेवडे संपले असावेत.

वाचनालयात एखादं जीर्ण पुस्तक बाद करायचं तर तो सोहळाच असतो. ग्रंथपाल यादी करतात, यादी कार्यकारिणीपुढे येते, सूचक येतो, अनुमोदक येतो, कुणीतरी 'हे पुस्तक माझ्या आजोबांनी भेट दिलं होतं' म्हणून हरकत घेतो आणि विषय पुढच्या सभेवर जातो. एवढं होऊन ठराव झालाच, तर दाखलनोंद रजिस्टरात लाल शाईने शेरा पडतो. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली आम्ही 'ब' वर्गात आहोत आणि तपासणीला आलेला माणूस पुस्तकाआधी ते रजिस्टर मागतो. त्यामुळे आमच्याकडून सहसा काही जात नाही. एका रहस्यकथेचं शेवटचं प्रकरण कित्येक वर्षांपूर्वी फाटून गेलं, पण पुस्तक अजून कपाटात आहे. वाचून झालं की ते परत करताना खुनी कोण हे ग्रंथपाल तोंडी सांगतात.

वेबसाइटला मात्र ठराव लागत नाही, बोट पुरतं.

झालं असं, की शनिवारी दुपारी जेवून मी साफसफाईला बसलो. वेबसाइट वर्डप्रेसवर आहे, अध्यक्षांच्या भाच्याने बारावीच्या सुट्टीत करून दिलेली. पानांच्या यादीत 'सँपल पेज' नावाचं एक पान पहिल्या दिवसापासून लोळत पडलं होतं. ते काढायचं ठरवलं. प्रत्येक पानाशेजारी एक चौकोन असतो. मी सगळ्यांत वरच्या चौकोनावर टिचकी मारली. तो चौकोन कुठल्याच पानाचा नसतो, सगळ्या पानांचा असतो, हे मला नंतर समजलं. सभेत अध्यक्ष 'सर्वानुमते' म्हणतात ना, तसा तो चौकोन. मग 'कचऱ्यात हलवा' आणि 'लागू करा'. यादी एका वेळी वीस पानं दाखवते. वीसच्या वीस गेली. वर एक पट्टी उमटली, तिच्यात किती पानं हलवली तो आकडा होता आणि त्याच्या शेजारी, 'पूर्ववत करा' असं बारीक अक्षरात लिहिलं होतं. बारीक अक्षर वाचायची सवय मला विम्याच्या कागदांनीही लावलेली नाही.

इथेही थांबलो असतो तरी वाचलो असतो. वर्डप्रेसची माणसं मनुष्यस्वभाव ओळखून आहेत. २००९ सालच्या डिसेंबरात आलेल्या २.९ या आवृत्तीपासून त्यांनी कचरापेटी ठेवली आहे आणि तिच्यात टाकलेलं पान तीस दिवस तसंच राहतं. तीस दिवस! महिनाभरात माणसाला पश्चात्ताप होतोच, असा त्यांचा अंदाज असावा. पण मला कचरापेटीपुढे आकडा दिसला आणि आत गेल्यावर 'कचरापेटी रिकामी करा' असं बटण दिसलं. मी ज्या घरात वाढलो तिथे घंटागाडी यायच्या आत कचरा बाहेर गेला नाही तर आई दिवसभर बोलायची नाही. मी संस्काराला जागलो. हात पुसले आणि वामकुक्षीला गेलो.

सोमवारी अध्यक्षांचा फोन आला.

"अहो, वाचनालयाची पानं गेली म्हणतात."

"कुठली पानं?"

"ते मी तुम्हाला विचारतोय. पिंपळाची असती तर झाडलोट करणाऱ्या मावशींना विचारलं असतं."

मी साइटवरचं एक पान उघडलं. पडद्यावर मधोमध ४०४. ताप मोजावा तसा तो आकडा मी बराच वेळ बघत राहिलो. वाचनालयाचा इतिहास, संस्थापकांची माहिती, शतकमहोत्सवाचा वृत्तांत, देणगीदारांची यादी, सगळं गेलं होतं. देणगीदारांची यादी आठवली तेव्हा खुर्ची ओढून घेतली. संस्थापक बोलायला येणार नव्हते. देणगीदार सकाळ-संध्याकाळ बाजारात भेटतात.

अशा वेळी माणूस पहिल्यांदा करतो ते मीही केलं. पान पुन्हा पुन्हा ताजं करून पाहिलं. दाराची कडी लावली की नाही हे बघायला परत जिना चढावा, तसं. तेवढ्यात आठवलं, की बायकोच्या फोनवर 'नवीन पुस्तके' हे पान आठवडाभर उघडं पडलं आहे. उघडलेलं पान फोन बऱ्याचदा आपल्याजवळ धरून ठेवतो. तुम्ही ते पुन्हा मागवत नाही तोवर ते तिकडे मेलं तरी इकडे जिवंत असू शकतं. मी स्वयंपाकघराकडे धावलो. "हात लावू नकोस!" असं इतक्या जोरात ओरडलो, की तिने आधी गॅस बंद केला आणि मग फोन हातात घेऊन, काय झालंय ते बघावं म्हणून, पान अंगठ्याने खाली ओढलं.

"काही दिसत नाहीये," ती म्हणाली.

आता भाच्याला फोन करणं आलं. भाचा हल्ली बंगळुरूला असतो आणि मामांच्या गावाहून फोन आला की त्याच्या आवाजात डॉक्टरी शांतपणा येतो. त्याने मला वाचनालयाच्याच भाषेत समजावलं. "काका, तुमच्याकडे पूर्वी लाकडी खणांत पुस्तकांची कार्डं होती ना? पान कचऱ्यात टाकलं की कार्डावर फक्त शेरा बदलतो. आधी 'प्रकाशित' लिहिलेलं असतं, त्याजागी 'कचरा'. बाकी सगळा मजकूर जागच्या जागी. म्हणून परत आणता येतं. पण कचरापेटी रिकामी केली की कार्डच फाडून टाकतात."

"आणि पुस्तक?"

"इथे कार्डावरच पुस्तक लिहिलेलं असतं, काका."

मग म्हणाला, "घाबरू नका, होस्टिंगवाल्यांकडे बॅकअप असेल." त्यांच्याकडे होता. ते रोज रात्री न चुकता प्रत काढत आणि जुन्या प्रतीवर नवी चढवत. शनिवारी रात्री त्यांनी प्रत काढली, रविवारीही काढली. वीस पानं नसलेल्या साइटची दोन वेळा, अत्यंत काळजीपूर्वक काढलेली प्रत त्यांच्याजवळ होती. फोनवरच्या मुलीने ती 'रिस्टोअर' करू का, असं फार गोड आवाजात विचारलं.

भाच्याने धीर द्यायला एक गोष्ट सांगितली. गिटलॅब म्हणून प्रोग्रामरांच्या कामाची मोठी कंपनी आहे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथल्या एका थकलेल्या इंजिनिअरने डेटा पुसायची आज्ञा दिली, ती भलत्याच सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं आणि त्याने थांबवलं. तेवढ्यात सुमारे तीनशे जीबीतले साडेचार जीबी उरले होते. कंपनीकडे प्रती काढायच्या पाच व्यवस्था होत्या. पाचांपैकी एकही वेळेला धड उपयोगी पडली नाही. मग दुरुस्ती कशी चालली आहे हे त्यांनी यूट्यूबवर थेट दाखवलं आणि जगभरातले लोक ते बघत बसले. शेवटी वाचवलं ते एका योगायोगाने. सहाएक तास आधी त्याच इंजिनिअरने आपल्या एका वेगळ्याच कामासाठी सगळ्याची एक प्रत हाताने काढून ठेवली होती.

मला खरोखर बरं वाटलं. आपली चूक जागतिक दर्जाची आहे हे कळलं की माणूस निम्मा सावरतो. तरी आमची दुरुस्ती थेट दाखवायची कल्पना मी अध्यक्षांच्या कानावर घातली नाही. त्यांनी मंडप घातला असता.

त्यापुढचा आठवडा मी गूगल आणि वेबॅक मशीन या दोन दारांशी काढला. पूर्वी गूगल प्रत्येक पानाची एक शिळी प्रत जवळ ठेवायचा आणि शोधाच्या निकालातून ती उघडता यायची. तो दुवा २०२४ मध्ये बंद झाला. मला त्याची गरज पडेपर्यंत थांबायला काय हरकत होती, हा प्रश्न मी कुणाला विचारणार? उरलं वेबॅक मशीन. ब्रूस्टर केल या माणसाने १९९६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत इंटरनेट आर्काइव्ह सुरू केलं. जगातली वेबपानं जमेल तशी गोळा करत राहायची, हा उद्योग. २००१ पासून ती वेबॅक मशीनवर सगळ्यांना बघायला मिळतात, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात त्यांचा आकडा एक लाख कोटी पानांवर गेला. आर्काइव्हचं बिऱ्हाड एका जुन्या चर्चमध्ये आहे. तिथे काही वर्षं टिकलेल्या कर्मचाऱ्याची मातीची छोटी मूर्ती करून प्रार्थनेच्या दालनात मांडून ठेवतात. हे मी आमच्या चिटणीसांना सांगितलं, ही चूक झाली. वाचनालयात चिटणीस म्हणून त्यांची एकवीस वर्षं झाली आहेत. ते भिंतीकडे बघायला लागले.

आता या मशीनमध्ये पान शोधायचं तर ते पत्त्यावरून. इथे मराठी माणसाची खरी कसोटी लागते. मराठी शीर्षकाचा पत्ता संगणकाच्या पोटात गेला की त्याचं 'टक्का ई शून्य टक्का ए चार' असं काहीतरी होतं. आपलं एक 'क' तिकडे नऊ खुणा खातं, काना वेगळा, मात्रा वेगळी, आणि वर्डप्रेसने पत्त्याला दोनशे खुणांचीच जागा दिली आहे. म्हणजे बावीस अक्षरांत आटपा. इंग्रजी माणूस दोनशे खुणांत आपलं आत्मचरित्र बसवेल. आपलं 'अध्यक्षीय भाषण' बसता बसता दम लागतो. भाच्याने हौसेने पेपरसारखा मथळा दिला होता, 'वाचनालयाचे अध्यक्ष गेले साहित्य संमेलनाला'. तिसऱ्या शब्दाशी दोनशे खुणांतली जागा संपली. आर्काइव्हच्या दप्तरी इतकी वर्षं त्या पानाचा पत्ता 'वाचनालयाचे अध्यक्ष गेले' एवढाच आहे. हे मी अध्यक्षांना अजून सांगितलेलं नाही.

बरं, मशीन आपल्याकडे कधी येऊन गेलं हे आपल्या हातात नसतं. पोस्टमन दुपारी आपण झोपलेले असताना नेमकी दाराची बेल वाजवतो, तसं ते येतं. आमच्याकडे ते एकदा आलं तेव्हा साइट दुरुस्तीसाठी बंद होती. 'क्षमस्व, लवकरच भेटू' हे वाक्य त्याने भावी पिढ्यांसाठी जपून ठेवलं. पुन्हा आलं तेव्हा 'उद्या पाण्याची टाकी धुणार असल्याने वाचनालय बंद राहील' एवढीच सूचना होती. शंभर वर्षांच्या संस्थेबद्दल जगाच्या स्मृतीत काय राहिलं? पाण्याची टाकी.

एक घबाड मात्र मिळालं. वर्डप्रेसच्याही आधीची, पुण्याच्या एका हौशी सभासदाने केलेली जुनी साइट. तिच्यात वाचनालयाचा पूर्ण इतिहास होता. मी उघडला, तर पानभर इंग्रजी अक्षरं, आकडे, स्वल्पविराम आणि कंस यांची खिचडी. युनिकोड सर्वत्र रुळायच्या आधीचा काळ. तेव्हा मराठी लिहायचं म्हणजे इंग्रजी अक्षरांना मराठी सोंग चढवायचं, आणि प्रत्येक फाँटचं सोंग वेगळं. फाँट असेल तर मराठी, नसेल तर शिवी दिल्यासारखं दिसतं. संस्थापकांचं नाव मधल्या एका डॉलरच्या चिन्हाजवळ असावं, असा माझा अंदाज आहे. त्यांनी आयुष्यभर वाचनालयाचे पैसे खिशातून भरले, त्यामुळे ते अगदीच चुकीचं नव्हतं.

फोटो मात्र सगळे शाबूत होते. वर्डप्रेसमध्ये पान पुसलं तरी फोटो पुसले जात नाहीत, त्यांचं कपाट वेगळं. पण फोटोखालच्या ओळी पानांबरोबर गेल्या. तीनशे फोटो, आणि त्यातले दोनशे दीपप्रज्वलनाचे. समई तीच, शाल तीच, श्रीफळ बहुधा तेच. प्रमुख पाहुणे कोण आणि साल कुठलं, काही केल्या लागेना. शेवटी ग्रंथपालांनी शास्त्रीय पद्धत काढली. प्रत्येक फोटोत अध्यक्ष आहेतच, तर त्यांच्या केसांवरून क्रम लावायचा. भांग डावीकडे असेल तर २०११ च्या आधी. भांग नसेल तर २०१५. त्यानंतर केसांचा पुरावा संपतो, पुढची सालं आम्ही चष्म्याच्या काड्यांवरून ठरवली. २०१८ मध्ये मात्र केस एकाएकी काळेभोर दिसतात. तिथे आमच्यात तज्ज्ञांचे मतभेद आहेत.

कार्यकारिणीची तातडीची सभा झाली. सहचिटणीसांनी 'पाने परत यावीत' असा ठराव मांडला आणि तो एकमताने संमत झाला. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली होती, तेरा दिवसांनी वर आली. आपले किती दिवस झाले?" मी म्हणालो, "अकरा." सगळ्यांनी आशेने माझ्याकडे पाहिलं. माझ्या मनात आलं, वर्डप्रेसने तीस दिवस दिले होते, म्हणजे इंद्रायणीपेक्षा सतरा जास्त, आणि ते मी दोन मिनिटांत घालवले. तेवढ्यात कोपऱ्यातून ग्रंथपाल म्हणाले, "वर आली ती आलीच, पण ती लोकांना पाठ होती असंही सांगतात. देहूच्या आसपास माणसामाणसाच्या तोंडी होती. नदी किती बुडवणार?"

सभा संपली. चहाच्या वेळी कुणीतरी सहज म्हणालं, "गुरुजींना विचारलं का?"

गुरुजी म्हणजे आमच्या हायस्कुलात तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेले. वय ऐंशीच्या पुढे. पडद्यावर त्यांचा विश्वास नाही. वाचनालयाची वेबसाइट सुरू झाली तेव्हा त्यांनी नातीला सांगून ठेवलं होतं, की नवीन पान आलं की झेरॉक्सच्या दुकानातून कागदावर काढून आणायचं. नात पुढे लग्न होऊन नाशिकला गेली, तेव्हा ते काम दुकानदार आपणहून करू लागला. महिन्याच्या पहिल्या तारखेला गुरुजी पेन्शन काढायला बँकेत जातात, तिथून दुकानात. हे आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. भाच्याला मी हे फोनवर सांगितलं तेव्हा तो हसायलाच लागला आणि त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. १९९८ मध्ये 'टॉय स्टोरी २' हा सिनेमा तयार होत असताना कुणीतरी दिलेल्या एका आज्ञेने त्याचा बहुतेक भाग संगणकांवरून पुसला गेला होता, आणि बॅकअप काम करत नव्हता. तिथल्या एका तांत्रिक दिग्दर्शिकेला नुकतं मूल झालं होतं, म्हणून ती घरून काम करायची आणि तिच्या घरच्या संगणकावर सिनेमाची प्रत होती. तो संगणक गाडीत पांघरुणात गुंडाळून आणला, तान्ह्या बाळासारखा.

गुरुजींच्या फायली मी रिक्षातून आणल्या. मांडीवर घेऊन. पाच बॉक्सफायली, वर नाडी, आत प्रत्येक पान तारखेवार. इतिहास होता, शतकमहोत्सव होता, देणगीदारांची यादी रकमेसकट होती. माझे डोळे भरून आले. मग मी पहिलं पान नीट पाहिलं.

पान लाल होतं. शीर्षकापासून तळटीपेपर्यंत ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलेलं, 'दिपप्रज्वलन'चा 'दि' प्रत्येक ठिकाणी गोल केलेला, समासात 'हे वाक्य कुणी लिहिले?' असं विचारलेलं. 'सदर कार्यक्रम संपन्न झाला' याखाली दोन रेघा आणि 'झाला' एवढंच पुरे, असा शेरा. अध्यक्षांच्या मनोगताला दहापैकी चार गुण. माझ्या स्वतःच्या एका वृत्तांताला साडेतीन, आणि खाली 'अक्षर बरे'. अक्षर संगणकाचं होतं.

"गुरुजी, हे आम्हाला आधी का नाही सांगितलंत?"

"कुणी विचारलं नाही. आणि तुम्ही पाने काढून टाकलीत असं कळलं, तेव्हा वाटलं, दुरुस्त करून घालायला काढली असतील."

आता गेले दीड महिने दर संध्याकाळी गुरुजी माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसतात आणि मी टंकतो. ते वाचतात तसंच टंकावं लागतं, म्हणजे विरामचिन्हांसकट, "स्वल्पविराम" असं म्हणत. सोळा पानं झाली आहेत. मधल्या काळात भाच्याने बंगळुरूहून एक प्रत आपल्याकडे, एक वाचनालयाच्या हार्ड डिस्कवर आणि एक आणखी कुठेतरी पडेल अशी सोय करून दिली. जगात ३१ मार्च हा बॅकअपचा दिवस म्हणून पाळतात, असंही कळवलं. खजिनदार म्हणाले, "३१ मार्चला मला हिशेबातून मान वर करता येत नाही, १ एप्रिलला ठेवा." त्यांना कुणी काही बोललं नाही.

परवा सोळावं पान, देणगीदारांच्या यादीचं, मी पूर्ण केलं. तीन वेळा तपासलं, 'प्रकाशित करा'वर बोट ठेवलं, आणि यावेळी आजूबाजूची सगळी बारीक अक्षरं आधी वाचून घेतली. पान उमटलं. मी गुरुजींकडे वळून पाहिलं. ते चष्मा पुसत होते.

"छान," ते म्हणाले. "आता एक प्रिंट काढा."

आणि खिशातून लाल पेन काढून त्यांनी टोपण उघडलं.